पुण्यात डास पूर्वीही होते, मग डेंग्यूचं खापर हवामानबदलावर का?

सोसायटीच्या ग्रुपवरही हाच सूर असतो: ‘डास काय आत्ता आले का!’ डास जुनेच, हवा बदलली. पाषाणच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा पुण्यावरचाच अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झालाय. पावसाळ्यात तापमान २७ अंशांपुढे, आर्द्रता ६० ते ७८ टक्के आणि बेताचा पण टिकून पडणारा पाऊस, असं जुळलं की डेंग्यू बळावतो. आठवड्यात १५० मिलिमीटरच्या वर कोसळला तर उलट अंडी-अळ्या वाहून जातात. (यावर ‘मग धो धो पडू दे’ म्हणणारेही आहेतच.) हवा तापवणाऱ्या वायूंचं उत्सर्जन आटोक्यात आलं नाही तर शतकाच्या मध्यापर्यंत पुण्यातले डेंग्यूचे मृत्यू २३ ते ४० टक्क्यांनी वाढतील, हा अंदाज आहे, भविष्यवाणी नव्हे. आणि धूरफवारणीवर विसंबू नका. ती उडत्या डासांपुरती. अळ्या कुंडीखालच्या ताटलीत असतात.