नकाशातला राखाडी गोल

प्रश्न : ऑगस्टच्या ओझोन-नकाशात दक्षिण ध्रुवावर राखाडी गोल दिसतो. ओझोनचं छिद्र म्हणतात ते हेच का?

उत्तर : नाही. तिथे मोजमापच झालेलं नसतं. नकाशे बनवणारी बहुतेक उपकरणं वातावरणातून परत फिरणाऱ्या अतिनील किरणांवर चालतात. ३१७.५ नॅनोमीटरचे किरण ओझोन बऱ्यापैकी शोषतो, ३३१.२ चे फारच कमी. दोन्ही ताडून पाहिले की जमिनीपासून वरपर्यंतच्या हवेच्या उभ्या स्तंभात ओझोन किती ते निघतं. त्यासाठी ऊन हवं, आणि ऑगस्टमध्ये ध्रुवावर रात्र असते. सप्टेंबरात हा गोल आक्रसत जातो, खरं छिद्र मात्र त्याच दिवसांत वाढत असतं.

छिद्र पाहायचं तर २२० डॉब्सनची रेषा शोधा (डॉब्सन हे ओझोनचं प्रमाण मोजायचं एकक); तिच्या आत ओझोन त्याहून कमी, तेच छिद्र. १९७९ पूर्वी अंटार्क्टिकावर याहून कमी नोंदी नव्हत्या, म्हणून हा आकडा ठरला. सगळा ओझोन समुद्रसपाटीच्या दाबाला, शून्य अंश तापमानाला आणला, तर १०० डॉब्सन म्हणजे फक्त १ मिलिमीटरचा थर. जगाची सरासरी सुमारे ३ मिलिमीटर. ३० सप्टेंबर १९९४ रोजी अंटार्क्टिकावर ७३ डॉब्सनची नोंद झाली, म्हणजे पाऊण मिलिमीटरही नाही!

राखाडी गोलाच्या काठावरचे आकडे जपून वापरा. तिथे सूर्य क्षितिजालगत असतो, तिरपे किरण वरच्या थरांतूनच माघारी फिरतात. ओझोनचा खरा फडशा पडतो तो १४ ते २० किलोमीटर उंचीवर. तिथलं नीट दिसत नसल्याने गणितात अंदाज जास्त मिसळावा लागतो. २००४ मध्ये सोडलेल्या ऑरा उपग्रहावरचं एमएलएस हे उपकरण वातावरण स्वतः सोडतं त्या सूक्ष्मलहरी टिपतं. त्याला रात्र आडवी येत नाही, शिवाय ओझोन खाणारा क्लोरिन मोनॉक्साइडही त्याला दिसतो.

प्रश्न : २०१९ मध्ये छिद्र लहान होतं. म्हणजे ते भरून आलं होतं का?

उत्तर : नाही, ओझोन नष्ट करणारा क्लोरिन हवेत होताच. उणे ७८ अंश सेल्सिअसच्या खाली स्थितांबरात, म्हणजे ओझोन असलेल्या वरच्या थरात, ढग बनतात आणि त्यांच्या कणांवर निष्क्रिय क्लोरिन मोकळा होतो. त्या सप्टेंबरात स्थितांबर अचानक तापलं, ढग विरले. ८ सप्टेंबरनंतर छिद्र आटत गेलं आणि ऑक्टोबरभर १ कोटी चौरस किलोमीटरच्या आत राहिलं. पुढच्याच वर्षी थंडी टिकली, तर २० सप्टेंबर २०२० ला ते सुमारे २.४८ कोटींवर गेलं. एका वर्षाचं क्षेत्रफळ हाती घेतलंत, तर त्या वर्षीचं स्थितांबराचं तापमान शेजारी ठेवूनच वाचा.