सहापैकी दोन फुसकी? घरात टकटक कोण करतं ते बघा

वडिलांच्या जुन्या जर्मन पॉइंट टू टू रिव्हॉल्वरमधली सहापैकी दोन काडतुसं हटकून फुसकी जातात (चाप ओढला तरी उडत नाहीत), असं तुम्ही लिहिलंय. आमच्या आजोबांचंही असंच होतं, बाहेरून आलेलं, स्वस्तातलं. चौकट जस्ताच्या मिश्रधातूची, पोलाद फक्त नळी-सिलिंडरला. वारसाची नोंद वगैरे तुम्ही केलीच असेल, त्यात शिरत नाही.

पुढच्या वेळी रेंजवर सिलिंडरच्या घरांना, म्हणजे काडतुसं बसतात त्या भोकांना, मार्करने खुणा करा. दर वेळी वेगळंच घर फसत असेल, तर घोड्याची स्प्रिंग थकली असेल किंवा आतलं तेल चिकटलं असेल. पण दर वेळी तीच दोन असतील, तर कुणीतरी रिकाम्या रिव्हॉल्वरचा चाप ओढत बसलं होतं. आमच्याकडे तो शहाणा मीच. अख्खा पावसाळा रोज रात्री बातम्या बघत टकटक! पॉइंट टू टूची दारू पेटवणारा मसाला मधोमध नसतो, काडतुसाच्या कडेत असतो. घोड्याची पिन त्या कडेवरच बसते. काडतूस नसेल तर ती थेट घराच्या काठावर आदळते. काठाला खळगे पडले, मग कडेला तिथे टेकूच उरला नाही. पिनचं टोकही चेपलं. चांगल्या बनावटीत पिन काठापर्यंत पोचत नाही म्हणतात. स्वस्तातल्या मालावर हा भरवसा ठेवू नका.

सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीतला कुणी लेथवाला "आणा, पिन करून देतो" म्हणेल. अजिबात नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो. परवानाधारक कारागिराने माझे खळगे नीट केले, पण सिलिंडरच्या दांड्याचं चौकटीतलं भोक झिजून लांबट झालं होतं. जस्ताला कोण काय करणार? घर नळीच्या रेषेत बसेना, आता बाजूने गोळीच्या शिशाचे कण उडतात, म्हणून चालवणं बंद. तुमच्याकडेही उडत असतील तर तिथेच थांबा.

अवांतर: एका कार्यालयाने माझ्या परवान्यावर .२२ऐवजी .३२ लिहिलं. दुरुस्त करायला सात महिने, तोवर दुकानदार काडतूस देईना. कागद हातात पडला की खिडकीपाशीच वाचा, मागची रांग ओरडली तरी.

आणि रिव्हॉल्वर चामडी पाकिटात ठेवू नका, नाशिकच्या पावसात चामडं ओल धरतं. काडतूस फुसकं गेलं तर नळी समोर लक्ष्याकडेच धरून निदान ३० सेकंद थांबा. मी कारागीर नाही, फक्त पोळलेला माणूस आहे. खुणा केल्यावर कोणती घरं निघाली ते कळवा.