वाचकांचे प्रश्न : स्पर्धेचे मैदान सुटल्यानंतर

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयावरची आहेत. वर्षानुवर्षे स्पर्धेसाठी जगलेल्या माणसाने स्पर्धा संपल्यावर कसे जगावे, असे ही पत्रे विचारतात. विषय महत्त्वाचा असल्यामुळे या वेळचे सदर त्यालाच दिले आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय एकतीस आहे. शाळेपासून कबड्डी खेळत आले आणि राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेपर्यंत पोहोचले. खेळाच्या जोरावर रेल्वेत नोकरी मिळाली. दोन वर्षांपूर्वी चढाई करताना गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, शस्त्रक्रिया झाली, आणि मी परतले तेव्हा संघातली माझी जागा दुसऱ्या मुलीला मिळालेली होती. आता मी पूर्ण वेळ कार्यालयात असते. संध्याकाळ झाली की जीव कासावीस होतो. टीव्हीवर सामना लागला तर मी उठून जाते. घरचे म्हणतात, कायमची नोकरी आहे, मग दुःख कशाचे? त्यांचेच बरोबर असावे असे वाटते आणि स्वतःचा राग येतो. – एक वाचक, ठाणे जिल्हा

उत्तर : आपल्या घरच्यांचा हेतू चांगला आहे, पण त्यांचे म्हणणे बरोबर नाही. नोकरीने पगार दिला, तरी वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षापासून ज्या गोष्टीने आपली ओळख घडवली ती गेल्याचे दुःख त्या पगाराने भरून निघत नाही, आणि ते दुःख होणे म्हणजे कृतघ्नपणाही नव्हे. ज्यांना मिळवण्यासारखे सारे मिळाले, त्यांनाही हा अनुभव चुकलेला नाही. अभिनव बिंद्रा यांनी २००८ मध्ये बीजिंगला भारताचे ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक सुवर्णपदक जिंकले आणि त्यानंतर आपल्याला विलक्षण पोकळी जाणवली, हे त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितले. अमेरिकेचे जलतरणपटू मायकेल फेल्प्स यांच्या नावावर २३ ऑलिंपिक सुवर्णपदके आहेत. ऑलिंपिक स्पर्धांनंतर आपल्याला नैराश्याने गाठले, हे त्यांनीही लपवलेले नाही.

क्रीडामानसशास्त्राच्या अभ्यासांतून दोन गोष्टी पुन्हा पुन्हा पुढे आल्या आहेत. स्वतःच्या निर्णयाने थांबलेल्या खेळाडूपेक्षा दुखापतीमुळे किंवा निवड न झाल्यामुळे थांबावे लागलेल्या खेळाडूला हा बदल अधिक जड जातो; आणि ज्याची सगळी ओळख खेळातच सामावलेली असते, त्याला तो सर्वांत जड जातो. आपल्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या आहेत. सचिन तेंडुलकर यांना नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडे स्टेडियमवर निरोप घेता आला, प्रेक्षकांशी बोलता आले, खेळपट्टीला नमस्कार करता आला. आपल्याकडच्या बहुसंख्य खेळाडूंना मात्र निवृत्त झाल्याचे कळते ते यादीत नाव नसल्यामुळे. निरोपच झालेला नसेल तर मन त्या मैदानावर रेंगाळत राहते. म्हणून माझी पहिली सूचना अशी की, आपण ज्या मंडळातून खेळायला सुरुवात केली त्या मंडळाशी बोलून एखादा छोटा निरोपाचा कार्यक्रम घडवून आणावा. जुन्या मैत्रिणी, पहिले प्रशिक्षक आणि घरची माणसे तेथे असावीत. हे स्वतःहून मागण्यात कमीपणा नाही.

दुसरी सूचना अशी की, आपल्याला नेमके काय गेल्यासारखे वाटते, ते सावकाश तपासावे. ‘कबड्डी’ या एका नावाखाली बऱ्याच गोष्टी एकत्र असतात. सरावाची वेळ आणि शिबिराचे दिवस दुसऱ्या कोणी आखून दिलेले असतात, त्यामुळे दिवस कसा घालवायचा हा प्रश्नच कधी पडत नाही. ज्यांचा हात धरून साखळी केली त्या मैत्रिणींचा सहवास असतो. अंग मोडून येईपर्यंत केलेले श्रम असतात आणि त्यानंतरची गाढ झोप असते. गुणफलक असतो, जो तासाभराच्या आत आजचे काम जमले की नाही ते स्वच्छ सांगतो. कार्यालयातल्या कामाचा निकाल इतका लगेच आणि इतका उघड कधीच लागत नाही. शिवाय लोक आपल्याला ओळखतात. या प्रत्येक गोष्टीचा इलाज वेगळा आहे. सहवासाची उणीव असेल तर मैत्रिणींना मैदानाबाहेर ठरवून भेटावे, कारण खेळ सुटला की ही नाती आपोआप टिकत नाहीत. शरीराला श्रम हवे असतील तर फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने सायकल, पोहणे आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम सुरू करावेत. अस्थिबंधाच्या दुखापतीनंतर पुढील आयुष्यात सांधा झिजण्याचा धोका वाढतो, त्यामुळे हे स्नायू बळकट ठेवणे आपल्याला एरवीही आवश्यकच आहे. चुरस हवी असेल तर कबड्डी संघटनेच्या पंच परीक्षेचा विचार करावा. आपल्याइतक्या खेळलेल्या स्त्रिया पंच म्हणून मैदानावर याव्यात, असे मला मनापासून वाटते. लोकांनी ओळखण्याची सवय सुटायला मात्र वेळ लागतो, आणि त्यावर झटपट उपाय मला ठाऊक नाही.

मुलींना शिकवायला लगेच उभे राहा, असा सल्ला आपल्याला अनेक जण देतील. मी तो देणार नाही. सामना पाहवत नसताना प्रशिक्षण देणारा माणूस नकळत शिष्यांकडून स्वतःचा राहिलेला डाव पुरा करून घेऊ लागतो. वर्षभर थांबून मग ठरवावे.

झोप उडणे, जेवण न जाणे, कशातच रस न वाटणे अशी अवस्था दोन आठवड्यांहून अधिक टिकली, किंवा जगणे नको असा विचार मनात आला, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटण्यास उशीर करू नये. केंद्र शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तो निःशुल्क आहे. गुडघा दुखावला तेव्हा आपण शल्यविशारदाकडे गेलात, तसेच हेही आहे.

प्रश्न : माझे पती पैलवान होते. लग्नानंतरही काही वर्षे त्यांनी मैदाने मारली. तालीम सोडून तीन वर्षे झाली, पण खुराक तसाच आहे. दूध, तूप, बदामाची थंडाई आणि मटण काही कमी झालेले नाही. वजन खूप वाढले आहे, रात्री मोठ्याने घोरतात आणि दिवसा बसल्या जागी डुलकी घेतात. काही बोलले की चिडतात. वय छत्तीस आहे. – एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : आपण दिलेल्या तपशिलांपैकी घोरणे आणि दिवसा येणारी झोप यांकडे आधी लक्ष द्यावे. पैलवानाची मान मुळात भक्कम असते. त्यात चरबी वाढली की झोपेत श्वासमार्ग पुन्हा पुन्हा दबतो, श्वास काही क्षण थांबतो आणि शरीराला खरी विश्रांती मिळत नाही. यातून रक्तदाब वाढतो, चिडचिडही वाढते. म्हणजे ज्याला आपण स्वभाव समजत आहात त्यातला काही भाग अपुऱ्या झोपेचा असू शकतो. छातीच्या किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवून झोपेची तपासणी करून घ्यावी आणि त्याबरोबर रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉलही पाहावे.

खुराकाविषयी सांगायचे तर तो मेहनतीच्या हिशेबाने ठरलेला असतो. पहाटेचे जोर-बैठका आणि संध्याकाळची लढत करणाऱ्या माणसाला जितके अन्न लागते, त्याच्या जवळपास निम्म्यावर साधारण हालचालीच्या माणसाचे भागते. मेहनत एका दिवसात थांबवता येते, भूक मात्र सवयीने पूर्वीइतकीच लागत राहते. म्हणून सगळे एकदम बंद करू नये. थंडाई आणि तुपाचे प्रमाण आधी उतरवावे. डाळी, अंडी, दही, मासे ठेवावेत, म्हणजे स्नायू टिकतील आणि पोटही भरेल. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम अशी आहे. पैलवानाला हे फारच थोडे वाटेल. तसे वाटले तरी तपासण्या होईपर्यंत त्यांनी जुन्या जोमाने मेहनत सुरू करू नये.

हे सारे आपण सांगितले तर ते ऐकणार नाहीत, अशी मला शंका आहे. ज्याच्या ताकदीचे गावभर कौतुक झाले त्याला घरात ‘कमी खा’ असे ऐकणे अपमानाचे वाटते. त्यांच्या वस्तादांना भेटून विनंती करावी. तालमीत वस्तादांचा शब्द मोडला जात नाही, आणि वस्तादांनी बोलावले तर ते तालमीची पायरीही पुन्हा चढतील. पोरांची मेहनत पाहणे, जत्रेच्या मैदानात पंच म्हणून उभे राहणे हेही कुस्तीचेच काम आहे.

प्रश्न : मी सव्वीस वर्षांचा धावपटू आहे. पाच हजार मीटरमध्ये राज्य स्पर्धांत दोन पदके मिळाली. नडगीच्या हाडाला वारंवार तडा जात असल्यामुळे डॉक्टरांनी थांबायला सांगितले आहे. बी. ए. दुसऱ्या वर्षाला सोडले. मला खेळाडूंचे निवृत्तिवेतन मिळेल का? प्रशिक्षक होता येईल का? – एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : केंद्र शासनाचे निवृत्तिवेतन आपल्याला मिळणार नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. ती योजना ऑलिंपिक, पॅरालिंपिक, जागतिक, आशियाई आणि राष्ट्रकुल स्पर्धांतील पदकविजेत्यांसाठी आहे. २०१८ मध्ये सुधारलेल्या दरांनुसार पदकाच्या पातळीप्रमाणे दरमहा १२,००० ते २०,००० रुपये मिळतात, आणि तेही वयाची तिशी गाठल्यावर व सक्रिय खेळ सोडल्यावर. आपल्या उपयोगाची गोष्ट म्हणजे राज्य शासनाच्या नोकऱ्यांतील खेळाडूंसाठीचे ५ टक्के आरक्षण. कोणत्या गटातील पदाला कोणत्या पातळीची कामगिरी लागते, हे शासन निर्णयात ठरवून दिलेले आहे. आपली प्रमाणपत्रे विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयातून पडताळून घ्यावीत, आणि हे काम जाहिरात निघेपर्यंत लांबवू नये. स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची नव्हती असे पडताळणीत निघाले तर पदक खरे असूनही उपयोगाला येत नाही, आणि अशा मुलांची निराशा पाहवत नाही.

या आरक्षणात वयाची सवलत असली, तरी पदासाठी लागणारी शैक्षणिक पात्रता सुटत नाही. म्हणून अर्धवट राहिलेली पदवी हे आपले सर्वांत तातडीचे काम आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून ती काम करता करता पूर्ण करता येईल. आपल्याच जिल्ह्यातील खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले, तरी पोलिस उपनिरीक्षकाची नोकरी त्यांना मिळाली ती १९५५ मध्ये. स्वतंत्र भारताच्या पहिल्या वैयक्तिक ऑलिंपिक पदकविजेत्याला तीन वर्षे थांबावे लागले, ही गोष्ट मला आजही बोचते. माण तालुक्यातील ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या आणि पुढे राज्याच्या महसूल सेवेत अधिकारी झाल्या. आता व्यवस्था पूर्वीपेक्षा बरी आहे, पण तिच्यापर्यंत कागदपत्रांसह आपणच पोहोचावे लागते.

प्रशिक्षक होण्यासाठी पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा पदविका अभ्यासक्रम सर्वत्र मानला जातो. त्याशिवाय ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने निवृत्त खेळाडूंसाठी ‘रीसेट’ नावाचा प्रशिक्षण कार्यक्रम सुरू केला. तो २० ते ५० वर्षे वयाच्या खेळाडूंसाठी असून राज्य पातळीवरील पदकविजेत्यांनाही खुला आहे, आणि बारावी झालेल्यांसाठी व न झालेल्यांसाठी त्यात वेगवेगळे अभ्यासक्रम आहेत. ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था तो चालवते. क्रीडा व्यवस्थापन, सुविधांची देखभाल, तंदुरुस्ती प्रशिक्षण अशा वाटाही त्यातून दिसतील. मुंबईचे हॉकीपटू विरेन रस्किन्हा यांनी २००८ मध्ये, अजून खेळण्याचे वय असताना, व्यवस्थापनाच्या शिक्षणासाठी हॉकी सोडली आणि नंतर ऑलिंपिक गोल्ड क्वेस्ट या संस्थेची धुरा सांभाळून कितीतरी खेळाडूंना उभे राहण्यास मदत केली. प्रशिक्षक होणे हाच खेळात राहण्याचा एक मार्ग नव्हे.

हाडाला वारंवार तडा जाण्याचे कारण शोधले आहे का, तेही कळवावे. अपुरा आहार आणि जीवनसत्त्व ड ची कमतरता ही लांब अंतराच्या धावपटूंमध्ये नेहमी आढळणारी कारणे आहेत, आणि धावणे थांबवले म्हणून ती आपोआप दूर होत नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे आणि राज्य पातळीवर पोहते. निवृत्तीचा विचार आत्ताच करणे म्हणजे अपशकुन करण्यासारखे नाही का? – एक वाचक, पुणे

उत्तर : मुळीच नाही. जलतरणात अनेक मुली विशीच्या आतच थांबतात, त्यामुळे हा विचार आपल्याला वाटतो तितका दूरचा नाही. तिच्याशी निवृत्तीबद्दल बोलण्याची मात्र आज गरज नाही. दहावीचे वर्ष असल्यास क्रीडा सवलतीच्या वाढीव गुणांसाठीचा प्रस्ताव शाळेकडून वेळेत जाईल हे पाहावे, पण त्या गुणांच्या भरवशावर अभ्यास सोडू देऊ नये. तिला पोहण्याशी संबंध नसलेल्या दोन-तीन मैत्रिणी असाव्यात, आणि स्पर्धेहून परतल्यावर घरात पहिला प्रश्न वेळेचा किंवा पदकाचा नसावा. पुढच्या स्पर्धेनंतर तिला आधी जेवायला वाढावे. निकाल तिला सांगावासा वाटेल तेव्हा ती सांगेल.