पट्टीने टायर बसवताना ट्यूब का फाटते?

प्रश्न : मोटरसायकलचा ट्यूबवाला टायर घरीच पट्ट्यांनी (टायर रिमवरून उचकटायच्या लोखंडी पट्ट्या, टायर लिव्हर) बदलतो. दर वेळी नव्या ट्यूबला शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. बॅलन्सिंगही (चाकाचे वजन सगळीकडून सारखे करणे) घरी जमेल का? – एक वाचक, खानापूर

उत्तर : ट्यूब पट्टी आणि रिमच्या मध्ये चिमटली जाते. रिकामी ट्यूब घातली की हमखास असे होते. आधी ती जेमतेम गोल होईल एवढी हवा भरा. टायरच्या कडेला साबणाचे पाणी लावा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल अजिबात नको, रबर खराब होते. व्हॉल्व्हच्या समोरून सुरुवात करून शेवट व्हॉल्व्हपाशी करा. शेवटची वीतभर कड अडते आणि तिथेच सगळे पट्टीवर जोर काढतात. त्याऐवजी बसलेली समोरची कड गुडघ्याने रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबा, इकडे लगेच ढिलाई मिळते. मग व्हॉल्व्ह आत ढकलून सोडा, म्हणजे ट्यूब कडेखाली राहत नाही.

बॅलन्सिंग जमते. एक्सल (चाकाच्या मधला दांडा) दोन सारख्या उंचीच्या आधारांवर ठेवून चाक मोकळे फिरू द्या. जड बाजू खाली येऊन थांबेल. बरोबर वरच्या बाजूला ५-५ ग्रॅम वजन वाढवत जा. कुठेही सोडले तरी चाक थांबले, की झाले. कारच्या रुंद चाकाला मात्र मशीनच हवे.

चोर्ला घाट उतरण्याआधी गावातच थोडे चालवून हवा पुन्हा मोजा.