पायलट ट्रेनिंगमध्ये नेमकं अवघड काय जातं? इन्स्ट्रक्टर खरंच ओरडतात का?

तू लिहिलंयस की बारावी सायन्स झालंय, साताऱ्याचा आहेस, सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्स करायचंय आणि ट्रेनिंगमध्ये नेमकं काय अवघड जातं, इन्स्ट्रक्टर खरंच ओरडतात का. मी अकरा वर्षं इन्स्ट्रक्टर आहे, सगळी महाराष्ट्रातच, आणि त्यातली बरीचशी सेसना १५२ या दोन सीटच्या ट्रेनिंग विमानाच्या उजव्या, म्हणजे इन्स्ट्रक्टरच्या सीटवर गेलीयत, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगतो. वयाने मोठा आहे म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.

आधी ओरडण्याचं. हो, काही जण ओरडतात, सुरुवातीला मीही आवाज चढवायचो. पण हेडसेटमध्ये माझा आवाज चढला की मुलाचे कान बंद होतात, तो योक (विमानाचं स्टिअरिंग) आणखी घट्ट धरतो, आणि योक मुठीत आवळला की विमान काय सांगतंय ते हाताला कळतच नाही. दोन बोटं आणि अंगठा, एवढ्यात १५२ उडतं. हे हळू आवाजात सांगितलं तरच पोचतं, म्हणून मी ओरडणं सोडलं.

पण ओरडण्यापेक्षा वाईट गोष्ट म्हणजे मुलं घाबरून "येस सर" म्हणतात आणि गप्प बसतात. एक मुलगी होती माझ्याकडे, उंची पाच फूट असेल नसेल. सोळा-सतरा तास झालेले, सर्किट (रनवेभोवतीची ठरलेली फेरी) सुरेख, डाउनविंडला (रनवेला समांतर, उलट्या दिशेने जाताना) हाइट हजार फुटांवर पक्की, फायनलला (रनवेसमोर सरळ उतरत येताना) स्पीड ६५ नॉट्सवरून हलायचा नाही, आणि फ्लेअर (टेकायच्या आधी योक ओढून नाक हळूच वर घेणं) मात्र एक दिवस बरोबर, दुसऱ्या दिवशी जमिनीपासून पंधरा-वीस फुटांवरच. एवढ्या उंचीवर फ्लेअर केला की स्पीड संपतो, विमान धपकन खाली येतं, उसळतं, आणि उसळल्यावर घाबरून योक पुढे ढकलला की नोजव्हीलवर आपटून दुसरी उसळी पहिलीपेक्षा मोठी येते. चार सॉर्टी (उड्डाणं) मी तिला एकच सांगत होतो की नाकासमोरच्या जमिनीकडे बघू नकोस, रनवेच्या पार टोकाकडे बघ. ती येस सर म्हणायची.

पाचव्या दिवशी प्रीफ्लाइट, म्हणजे उडण्याआधीची तपासणी करताना, ती पंखाखाली वाकून फ्युएल ड्रेन करत होती (टाकीतलं थोडं इंधन काढून बघत होती), मी सहज विचारलं की सीटवरून सगळं नीट दिसतं ना गं. तर म्हणाली, सर, उशी मिळते त्या दिवशी दिसतं. आमच्या हँगरमध्ये दोनच उश्या होत्या, ज्याच्या हाताला लागेल त्याने घ्यायची, आणि उशी मागायला तिला लाज वाटायची. उशी नसली की तिचे डोळे जेमतेम डॅशबोर्डच्या वर यायचे, जमीन आहे त्यापेक्षा जवळ वाटायची आणि ती आधीच योक ओढायची, म्हणजे बिचारी तिला दिसत होतं त्याप्रमाणे बरोबरच करत होती! त्याच संध्याकाळी गावातल्या गादीवाल्याकडून तिने तीन इंचाची उशी शिवून घेतली, आणि तीन दिवसांत तिचं लँडिंग बसलं. त्या चार सॉर्टींचं मला अजून वाईट वाटतं, कारण तासाला दहा हजारांच्या वर पैसे जातात आणि तिच्या वडिलांनी कर्ज काढलेलं होतं. तेव्हापासून नवीन मुलगा आला की मी आधी त्याची सीट बघतो, मग बाकीचं.

आता मुलांना खरं जे छळतं ते म्हणजे गॅप, फ्लाइंगमध्ये पडणारा खंड. सीपीएलला २०० तास लागतात, त्यातले १०० पायलट इन कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी तुझ्यावर, त्यातच क्रॉस कंट्री (दूरच्या ठिकाणापर्यंतचं उड्डाण), रात्रीचे ५ तास आणि १० टेकऑफ-लँडिंग. रोज दीड तास उडालास तर हिशोबाने पाच महिन्यांत संपायला पाहिजे, पण प्रत्यक्षात मी दीड-दोन वर्षं लागलेली मुलं सर्रास बघितलीत. पावसाळ्यात ढग खाली आले की फ्लाइंग बंद, गोंदियाकडे हिवाळ्यात सकाळी धुकं, विमान इन्स्पेक्शनला गेलं की पार्टची वाट, आणि मधेच इन्स्ट्रक्टरला एअरलाइनचा कॉल आला की तो जातो (त्याला दोष देत नाही, बरेच असिस्टंट इन्स्ट्रक्टर तास जमवायलाच इथे आलेले असतात). मग नवा इन्स्ट्रक्टर, त्याची वेगळी पद्धत, पुन्हा पहिल्यापासून ओळख. सोलोच्या (पहिल्यांदा एकट्याने उडण्याच्या) आधी दहा दिवसांचा गॅप पडला तर हात इतका बोथट होतो की पुढचे दोन तास फक्त होतं तिथे परत यायला जातात, आणि ते दोन तास तुझ्या खिशातून. मुलगा हॉस्टेलवर बसून असतो, घरून रोज फोन की किती तास झाले रे, आणि सांगायला काही नसतं. या काळात मुलं खचतात, फ्लाइंग अवघड म्हणून नाही.

उन्हाळ्याचं वेगळंच. बारामतीचं एअरफील्ड समुद्रसपाटीपासून साधारण दोन हजार फुटांवर आहे, मे महिन्यात ४० डिग्री झालं की हवा एवढी विरळ होते की विमानाच्या हिशोबाने ते साडेपाच हजार फुटांवर असतं. दोघं जण आणि भरलेल्या टाक्या घेऊन १५२ रनवे सोडायलाच तयार नसतं, वर चढतं ते रखडत, त्यात नांगरलेल्या शेतांवरून गरम हवेचे धक्के. म्हणून उन्हाळ्यात जे काही शिकायचं ते सकाळी नऊ-साडेनऊच्या आत.

इन्स्ट्रक्टरच्या बाजूने विचारशील तर सगळ्यात अवघड काम म्हणजे हात न लावणं. मुलगा चुकतोय हे मला त्याच्या दोन सेकंद आधी दिसतं. लगेच "आय हॅव कंट्रोल्स" (आता विमान माझ्या हातात) म्हटलं तर विमान सुखरूप पण तो काही शिकला नाही, आणि थांबलो तर नोजव्हील मोडायची भीती. माझा उजवा हात मांडीवर दिसतो पण बोटं योकखाली असतात, पाय रडरच्या पेडलला न टेकता जवळ, आणि डोक्यात एक रेघ आखलेली की इथपर्यंत तुझं, याच्या पुढे माझं. ती रेघ प्रत्येक मुलाची वेगळी आणि रोज बदलते, झोप नीट झाली नसेल तर माझीही बदलते. दिवसातली पाचवी सॉर्टी, तेच सर्किट, तेच ऊन, शर्ट पाठीला चिकटलेला, अशा वेळी ती रेघ सांभाळणं हीच माझी नोकरी.

आणि एक दिवस इंजिन चालू ठेवून खाली उतरायचं, रिकाम्या सीटचा बेल्ट बांधून टाकायचा, दार नीट लागलंय बघायचं आणि म्हणायचं, एक सर्किट मारून ये. मी नसल्यामुळे विमान हलकं झालेलं असतं, पटकन वर जातं, हे आधीच सांगून ठेवतो नाहीतर मूल दचकतं. ती पाच-सहा मिनिटं मी रेडिओ हातात घेऊन रनवेच्या कडेला उभा असतो आणि अकरा वर्षांत एकदाही त्या वेळी बसू शकलेलो नाही.

मराठी मीडियमचा असशील तर आरटीची, म्हणजे रेडिओवर बोलायची धास्ती वाटेल, ती पहिल्या महिन्यातच काढ. इंग्लिश फार भारी लागत नाही, ठरलेली वाक्यं असतात, पण एका वेळी हात, डोळे आणि तोंड तिन्ही चालवायचे असतात. हॉस्टेलच्या आवारात सर्किट आखून चालत चालत मोठ्याने कॉल्स म्हण, माझ्याकडे शिकणारी मुलं म्हणतात, आणि "से अगेन" (पुन्हा सांगा) म्हणायला लाजू नकोस.

भीतीचंही सांगतो, कारण घरचे विचारणारच. मार्च २०२३ मध्ये गोंदियाहून निघालेलं ट्रेनिंगचं विमान मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या जंगलात पडलं, इन्स्ट्रक्टर आणि शिकणारी मुलगी दोघंही गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बारामतीजवळ चार दिवसांत दोन विमानं पडली. आणि त्याआधी जुलै २०२२ मध्ये इंदापूर तालुक्यात सोलोवर असलेल्या एका मुलीचं विमान शेतात आलं, ती किरकोळ दुखापतीवर वाचली. म्हणूनच दर सॉर्टीला मी न सांगता थ्रॉटल मागे घेतो, म्हणजे इंजिनची ताकद काढून घेतो, आणि विचारतो, आत्ता कुठे उतरशील. मुलांना हे आवडत नाही, पण उसाचं शेत आणि नुकतंच मोकळं केलेलं रान वरून कसं वेगळं दिसतं हे सवयीनेच कळतं.

आता स्कूल निवडायचं. डीजीसीएने (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) २०२५ पासून फ्लाइंग स्कूल्सचं रँकिंग सुरू केलंय आणि पहिल्या यादीत ए श्रेणीत एकही स्कूल बसलं नाही, यावरून अंदाज घे. वेबसाइटवर किती विमानं लिहिलीत ते बघू नकोस, सकाळी सहाला एअरफील्डवर जाऊन उभा राहा. किती बाहेर निघतात, किती हँगरमध्ये काउलिंग (इंजिनचं झाकण) उघडून पडलीत ते मोज. मग कँटीनमध्ये बस आणि तिथल्या मुलांना दोनच गोष्टी विचार, जॉइन कधी झालास आणि तास किती झाले. फी भरायच्या आधी क्लास टू आणि क्लास वन या पायलटसाठीच्या दोन्ही मेडिकल तपासण्या करून घे, चष्मा चालतो पण रंग ओळखण्यात काही निघालं तर ते पैसे भरायच्या आधी कळलेलं बरं. साताऱ्याहून बारामती काही फार लांब नाही, पाऊस लागायच्या आधी एकदा जाऊन ये.