इंग्लंडमधल्या जुन्या घरात फायरप्लेस पेटवली की धूर खोलीतच पसरतो. काय करावं?

आधी धुराडं साफ करून घ्या, पेटवणं त्यानंतर. बंद पडलेल्या धुराड्यात पक्ष्यांची घरटी सापडतात, आणि आतल्या भिंतीला चिकटलेला क्रिओसोट (धुरातून साचणारा डांबरासारखा काळा थर) पेटला तर धुराड्यालाच आग लागते. वर्षातून एकदा तरी सफाई हवीच.

ती झाली असेल तर दोष बहुधा लाकडाचा. पावसाळ्यात चुलीत ओलं सरपण घातलं की घर कसं धुरानं भरतं, आठवतंय ना? तेच इथं होतं. ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा. १ मे २०२१ पासून इंग्लंडमध्ये २ घनमीटरपेक्षा कमी विकल्या जाणाऱ्या लाकडाला हा नियमच आहे. ताजं तोडलेलं लाकूड वाळायला वर्ष-दोन वर्षं लागतात.

धुराडं थंड असेल तर आतली जड हवा धुराला खाली ढकलते. डॅम्पर (धुराड्याची वाट उघडबंद करणारी झडप) पूर्ण उघडा, वर्तमानपत्राची गुंडाळी पेटवून धुराड्याच्या तोंडाशी धरा, मग लाकडं लावा. खिडकी किंचित उघडी ठेवा.

कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म मात्र आजच लावा, त्या वायूला वास नसतो. आणि नगरपालिकेकडे विचारा: लंडनच्या बहुतेक भागासारखं तुमचं घर धूर नियंत्रण क्षेत्रात असेल, तर उघड्या फायरप्लेसमध्ये लाकूड जाळता येत नाही.