गुप्त, खासगी की गोपनीय?

प्रश्न असा आलाय की मोनेरो, झीकॅश या क्रिप्टोचलनांमधल्या प्रायव्हसीवाल्या व्यवहारांना मराठीत गुप्त व्यवहार म्हणायचं, खासगी म्हणायचं की गोपनीय.

खासगी तर मी बादच करेन. खासगी म्हणजे ज्याचं त्याचं, सरकारी किंवा सार्वजनिक नसलेलं, आणि इथे ब्लॉकचेन (सगळ्या व्यवहारांची सामायिक नोंदवही) तर सगळ्यांसमोर उघडी असते, लपवायचं असतं ते कोणी, कोणाला, किती दिले एवढंच. उरले गुप्त आणि गोपनीय, दोन्ही एकाच गुप् धातूचे, आणि त्या धातूचा अर्थ लपवणं इतकाच नाही तर राखणं, रक्षण करणं असाही आहे. गुप्त म्हणजे राखलेलं, काम झालेलं. गोपनीय म्हणजे राखायला हवं असलेलं (करणीय, वंदनीय यांतला तोच अनीय), म्हणजे काम अजून चालूच आहे!

मोनेरोचा इतिहास पाहिला की हा फरक लगेच पटतो. २०१४ ला सुरू झालं तेव्हा रिंगमध्ये (खर्च होणारं खरं आउटपुट, म्हणजे आधी मिळालेली रक्कम, ज्या घोळक्यात लपवतात त्यात) डिकॉय, म्हणजे दिशाभूल करायला घेतलेले इतर आउटपुट, न घालताही पैसे पाठवता यायचे, ते व्यवहार नंतर सरळ माग काढण्याजोगे निघाले आणि ज्यांनी तेच आउटपुट डिकॉय म्हणून घेतले होते त्यांचंही संरक्षण त्यामुळे कमी झालं. मग २०१६ मध्ये रिंग किमान ३ ची सक्तीची झाली, पुढे ५, ७, ऑक्टोबर २०१८ ला सगळ्यांना सारखीच ११ ची, आणि ऑगस्ट २०२२ पासून १६ ची, म्हणजे खरा एक आणि डिकॉय पंधरा. रक्कम लपवणारं रिंगसीटी तर जानेवारी २०१७ मध्ये आलं, त्याआधी रकमा उघड दिसायच्या. आणि अपग्रेड झाला म्हणून जुना व्यवहार काही नव्याने झाकला जात नाही, तो ज्या नियमांखाली झाला तसाच चेनवर राहतो, म्हणून २०१५ च्या व्यवहाराला आज गुप्त म्हणणं मला चुकीचंच वाटतं.

झीकॅशमध्ये उघडा पत्ता आणि शील्डेड (तपशील झाकणारा) पत्ता असे दोन्ही प्रकार आहेत, त्यामुळे तिथे सरसकट सगळ्या व्यवहारांना गोपनीयसुद्धा म्हणू नये, शील्डेडपुरतंच म्हणावं.

तेव्हा माझं मत गोपनीय. आणि याच्याच जोडीने हार्ड फोर्कला (जुन्या सॉफ्टवेअरशी न जुळणाऱ्या नियमबदलाला) फाटा म्हणतात, तो शब्द छान आहे पण चेन खरंच दोन झाल्या तरच वापरा, सगळे मिळून नव्या नियमांवर गेले असतील तर अपग्रेडच म्हणा, कारण फाट्याला दोन वाटा लागतात.